नावापुढचं एस्क्वायर

सोनू रामा भंडारी. माझा थोरला भाऊ. आज मी जो काही आहे तो त्याच्या पायांमुळे आहे, आणि हे मी शोभेसाठी लिहीत नाही. बाप माडावरून पडून गेला तेव्हा दादानं शाळेची पाटी खाली ठेवली आणि कोयती कमरेला लावली. मालवणात तो सकाळ-संध्याकाळ माडावर चढायचा, माडी उतरवायचा. माडाच्या खाचांनी त्याच्या तळपायांना घट्टे पडले, म्हणून माझ्या पायांत जोडा आला. सरकारी कागदावर त्याचं नाव 'सोनू बिन रामा', म्हणजे रामाचा मुलगा सोनू, एवढंच असे. मागे काही नाही, पुढे काही नाही.

त्या भावानं मुंबईत माझ्यापायी एका साहेबावर छत्री धरली. ती गोष्ट सांगायची आहे.

मुंबईत प्लेग यायच्या आधीची ही हकिकत. मी बी. ए. होऊन कोटातल्या, म्हणजे फोर्टातल्या, एका सॉलिसिटरांच्या कचेरीत उमेदवारीवर लागलो होतो. राहायला लालबागेत, गाववाल्यांच्या खोलीत. माझं अक्षर बरं, म्हणून पाकिटांवर पत्ते लिहायचं काम माझ्याकडे आलं. या कामाचा एक शिरस्ता होता. तो कुठं लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता. गोऱ्या माणसाच्या नावापुढे एस्क्वायर, मग तो बँकेचा मॅनेजर असो की घोड्यांचा दलाल. मोठ्या शेठजींच्या नावापुढे एस्क्वायर. गिरगावातल्या बऱ्या घरच्या पदवीधरांना मिस्टर. बाकीच्यांचं नाव उघडं, आणि बापाच्या नावाआधी 'बिन'.

मी कोणत्या ओळीत बसतो हे मला समजलं नव्हतं. मालवणच्या शाळेत हेडमास्तरांनी आम्हांला या एका शब्दाचे तीन अर्थ सांगितले होते. फार पूर्वी एस्क्वायर म्हणजे सरदाराची ढाल वाहणारा, ढालाईत. पुढे, जमीनजुमला असलेला खानदानी माणूस. आणि हल्ली, कोणताही शिकलेला, सभ्य गृहस्थ. “पदवी घेतलीत की तुम्ही एस्क्वायर,” मास्तर म्हणायचे. “मग पोरं कोणाची का असेनात.” आम्ही ते घोकलं. मी ते खरं धरलं.

नाताळाआधी थोरल्या साहेबांनी कचेरीतल्या लोकांना बंगल्यावर चहाला बोलावलं. आमंत्रणाची पाकिटं मीच लिहिली. माझंही. मास्तरांनी शिकवलं होतं तसं. नाव, स्वल्पविराम, एस्क्वायर.

आमचे हेडक्लार्क ठाकूरद्वारचे, मोठ्या घरातले. त्यांना आम्ही रावसाहेब म्हणायचो. त्यांनी ते पाकीट वर धरलं.

“हे कोण गृहस्थ?”

“मीच, रावसाहेब.”

“तू.” ते चष्म्यावरून बघत राहिले. “एस्क्वायर कधी झालास? माड चढताना की उतरताना?”

कारकून हसले.

“अर्थ तरी ठाऊक आहे का शब्दाचा?”

मी वर्गात उभा राहावं तसा उभा राहिलो आणि तिन्ही अर्थ ओळीनं सांगितले. मला वाटलं, उत्तर बरोबर आलं की माणूस सुटतो.

“वा. त्यातला पहिला तुझ्या मापाचा आहे.” त्यांनी खुंटीवरची साहेबांची छत्री काढून माझ्या हातात दिली. “साहेब खाली निघालेत. धर मागून.”

मी धरली. जिन्यापासून गाडीपर्यंत. साहेबानं मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. परत आलो तर टेबलावर ते पाकीट, आणि त्यावर शाई खरवडायचा चाकू.

“खरवड.”

खरवडलं. शाई आत मुरली होती. कागदाला भोक पडलं.

“राहू दे,” रावसाहेब म्हणाले. “तुझंच आहे, ने असंच.”

मी चहाला गेलो नाही.

रावसाहेबांना स्वतःला साहेबांच्या चिठ्ठीवर एस्क्वायर मिळायला उभा जन्म लागला होता, असं पुढे कळलं. ती चिठ्ठी त्यांनी काचेत बसवून दिवाणखान्यात टांगली होती. हे कळल्यावर मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही.

त्या दिवसापासून कचेरीत माझं नाव बुडालं. एस्क्वायर, पाणी. एस्क्वायर, गोंद कुठंय. दुपार झाली की, एस्क्वायर, छत्री. खोलीवरच्या गाववाल्यांच्या कानावर हा शब्द कुठून तरी गेला. त्यांना वाटलं, मला बढती मिळाली. “इलो रे, आमचो एस्क्वायर इलो,” म्हणून ते मला गिरणीतून आल्या अंगानं सरकून जागा करून द्यायचे. त्यांच्या तोंडी त्या शब्दात मान होता. तो ऐकून मला कचेरीतल्यापेक्षा जास्त त्रास व्हायचा.

मग मी सहन का केलं? एकाच गोष्टीसाठी. मी कायम झालो की दादाला माडावरून कायमचा खाली आणायचा होता. त्याचा गुडघा गेला होता. गावाकडचं प्रत्येक पत्र उघडताना मला बापाचं पडणं आठवायचं.

फाल्गुनात दादा आगबोटीनं आला. न कळवता. डोक्याला मुंडासं, बगलेत आंब्याची करंडी, पाय उघडे. थेट कचेरीच्या व्हरांड्यात. माझी साहेबांना खाली सोडायचीच वेळ होती.

“एस्क्वायर, हा कोण?” रावसाहेबांनी विचारलं.

“माझा थोरला भाऊ.”

“असं होय. मग आज तुला सुट्टी.” त्यांनी छत्री दादापुढे केली. “घे रे, धर साहेबांवर. घरचाच धंदा आहे तुमचा.”

दादाला मराठी कळली, त्यातला डंख कळला नाही. त्यानं करंडी खाली ठेवली, हात धोतराला पुसले, छत्री दोन्ही हातांनी घेतली. देवळात निरांजन धरावं तशी. आणि अधू गुडघ्यानं, लंगडत, साहेबाच्या मागून चालायला लागला. मागे कोणीतरी म्हणालं, “धाकटा एस्क्वायर, थोरला ढालाईत.” हसू उठलं.

छत्री धरणं माझ्या हातांना सहन झालं होतं. माझ्या डोळ्यांना हे नाही झालं.

मी धावत गेलो. दादाच्या हातातून छत्री घेतली आणि मिटली. साहेब उन्हात उभा राहिला. पहिल्यांदाच त्यानं माझ्याकडे पाहिलं.

“रे, तुझाच काम ना ता?” दादा गोंधळून म्हणाला. “मी केलंय तर काय झाला?”

“माझं नाही, दादा. तुझंही नाही.”

वर येऊन मी छत्री रावसाहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांचा आवाज खाली आला होता. “मूर्खा, तुला कायम करायचा कागद आतच आहे, सहीला. विचार कर.”

“केला, रावसाहेब.”

कोटापासून लालबागेपर्यंत आम्ही चालत गेलो. दादानं करंडी पुन्हा बगलेत मारली होती. वाटेत त्यानं एवढंच विचारलं, “जेवलंस मगे तू?”

तो परत गेल्यावर मी त्याला पत्र लिहिलं. ते असं.

तीर्थस्वरूप दादास शिरसाष्टांग नमस्कार.

नोकरी गेली. परळला गिरणीवाल्यांच्या मुलांची शाळा आहे, तिथं शिकवायची जागा मिळेल असं दिसतं. पगार थोडा आहे. त्यामुळं तुला आणखी काही काळ माडावर चढावं लागेल. तुला खोटं लिहिणार नाही.

छत्री का घेतली ते तू विचारलं नाहीस. आपल्याला ढाल वाहणारे म्हणून ते हसत होते. तू मला वाहिलंस, त्याचं हसू कोणी करायचं नाही.

या पाकिटावर मी इंग्रजीत तुझं पुरं नाव लिहिलं आहे आणि त्यापुढे एक शब्द लिहिला आहे. टपालवाला हसेल. मास्तरांकडून तो शब्द पेठेत, चारचौघांत, मोठ्यानं वाचून घे. मी तुला जितकी पत्रं लिहीन तितक्या वेळा तो तिथं असेल. कोणी म्हणेल चूक आहे, खोडा. तर त्याला सांग, आमच्या घरातल्या एकानं हा शब्द खरवडायला एकदा चाकू उचलला होता. आता उचलणार नाही.