रोवण्याची गाणी आणि दोन डिस्क

सर्व्हरचं झाकण उघडलं, की तापलेल्या धुळीचा वास येतो आणि मी मनाने अड्याळ गावच्या वाचनालयात पोचतो. म्हाताऱ्या बायांची रोवण्याची, म्हणजे भातलावणीची, गाणी आम्हाला दोन डिस्कवर जपायची होती, म्हणजे एक बिघडली तरी दुसरीवर ती राहतील. दोन्ही डिस्कवर एकदम लिहिण्याचं हे काम, ज्याला रेड म्हणतात, ते विकतच्या कार्डाने करायचं की लिनक्स या मोफत, खुल्या प्रणालीनेच, यावर वाद पेटला.

"कार्ड जळलं त डिस्क वाचाले तसंच कार्ड कुठून आणता? आपली गाणी कंपनीच्या भरवशावर कायले?" मी ओरडलो.

गाणी जमवणाऱ्या मंदाताई म्हणाल्या, "भाषण पुरे, बाबू. लिनक्सच लावू. पण तू पुण्याले गेल्यावर हे कोन पाहीन? मले शिकव."

मला तो टोमणा वाटला. चिडूनच शिकवलं. आज मात्र अस्वस्थ होतो. त्या बोलल्या नसत्या, तर त्या गाण्यांना कंपनीऐवजी माझंच कुलूप लागलं असतं.