तोंडात न मावलेला पेढा

बसमध्ये गुटख्याचा गोडसर वास आला की मला जळकोटची ती सोयरीक आठवते. ताईच्या घरी भाचीला पाहायला पाहुणे आले होते. पोरगा निर्व्यसनी, असं मध्यस्थाने छातीठोकपणे सांगितलेलं. पसंती झाली, ताईने पेढा पुढे केला, तर तो त्याच्या तोंडात जाईना. चिमटीने कुस्करून तो कण कण आत सरकवू लागला. मी म्हणालो, “पाहुणे, आ करा बरं. आपली तीन बोटं उभी जायला पाहिजेत.” त्याचं एकच गेलं, तेही जेमतेम. गुटख्याने गाल आतून आवळून येतात, तोंड उघडेनासं होतं. कर्करोगाच्या आधीची ही पायरी. त्याचा बाप खेकसला, “पुडीला कुठं व्यसन म्हणतेत का? दारूला शिवत न्हाई आमचं पोरगं!” सगळ्या बैठकीने माना डोलावल्या, आमच्या दाजींनीसुद्धा. दारू पीत नाही म्हणजे देवमाणूस, एवढीच यांची अक्कल! तेवढ्यात भाचीने पेढ्यांचं ताट उचललं आणि म्हणाली, “मामा, पाहुण्यांना चहाच द्या. तेवढाच जाईल आत.” सोयरीक तिथेच मोडली. दाजी आजही तिला उद्धट म्हणतात, आणि म्हणताना त्यांच्याही गालात पुडी असते.