उष्णतेचं गळू

कोणीही कसलीही तक्रार सांगितली की ते आधी त्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून बघायचे आणि निकाल द्यायचे, "उष्णता. सब्जा पी. खलास."

आमच्या बिल्डिंगचे हे बिनपदवीचे डॉक्टर खरं तर दुबईजवळच्या रास अल खैमातल्या एका टाइल्सच्या कारखान्यात क्वालिटी इन्चार्ज होते आणि मी त्यांच्या हाताखाली. मूळचे चिपळूणचे. सगळे त्यांना काका म्हणत. तोंड आलं, उष्णता. झोप लागत नाही, उष्णता. माझं प्रमोशन रखडलं तेव्हाही त्यांनी मला सब्जाच पाजला होता. बाहेर सदा आग ओकणारं ऊन, त्यामुळे त्यांचं निदान खोटं पाडणं कुणाला जमायचं नाही, हे तुम्हीही मान्य कराल.

त्यांचा स्वतःचा खोकला तेवढा उष्णतेत बसत नव्हता. तो त्यांनी एसीच्या नावावर टाकला होता. सिगारेट सुटून बरीच वर्षं झाली होती, म्हणून तिचं नाव कुणी काढलं नाही.

शनिवारी काकू त्यांच्या डोक्याला तेल लावायच्या. एकदा तेल लावताना त्यांच्या बोटांना कानामागे केसांत एक गाठ लागली. सुपारीएवढी, टणक. मी समोरच चहा पीत बसलो होतो.

"अहो, दुखतं का हे?" काकूंनी दाबून विचारलं.

"अजिबात नाही. मग काळजी कसली? गळू आहे. खजूर जास्त झाले."

काकूंनी कणकेत हळद-तेल घालून गरम पोटीस बांधायला सुरुवात केली. काका डोक्याला फडकं गुंडाळून आमच्याकडे आले की माझी मुलगी विचारायची, "अंकल, आर यू अ पायरेट?" "येस, हबीबी," ते म्हणायचे आणि खोकायचे. गळू काही पिकेना. उलट छातीवर दुसरी गाठ आली, तीही न दुखणारी. तेव्हा मात्र मी त्यांना गाडीत घालून हॉस्पिटलला नेलं.

गाठीचा तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट आला. कॅन्सर फुप्फुसातला, कातडीपर्यंत पोहोचलेला. काका एवढंच म्हणाले, "म्हणजे खोकलाही एसीचा नव्हता."

हाय खाल्ली ती काकूंनी. "मीच शेक देऊन देऊन पसरवला तो," असं म्हणत राहिल्या. तेलाची बाटली कपाटात गेली. त्या काकांच्या डोक्याला हात लावेनात. केमो सुरू झाली, केस गेले, तेही काकांनी सोसलं. पण हे त्यांना सोसेना. गाडीत एकदा मला म्हणाले, "माझं व्हायचं ते होईल रे. पण ही जन्मभर स्वतःला दोष देत बसेल, त्याचं काय करू?"

पुढच्या खेपेला त्यांनी काकूंना डॉक्टरांसमोर बसवलं.

"डॉक्टरसाब, इनको बताइए. पोटीस से फैला क्या?"

"नहीं भाभीजी. गाठ दिखने से पहले ही बीमारी फेफडे से निकल चुकी थी. आपके हाथ से कुछ नहीं हुआ."

"फिर से बोलिए," काका म्हणाले. डॉक्टर पुन्हा बोलले.

त्या शनिवारी मी डबा द्यायला गेलो, तर काका चटईवर बसले होते आणि काकू त्यांच्या बिनकेसांच्या डोक्याला तेल लावत होत्या. गाठ तेवढी चुकवून.

थंडी सुरू होता होता काका गेले. मला आजही त्यांचा राग येतो. साऱ्या बिल्डिंगच्या पापण्या ओढणाऱ्या माणसाने आपला खोकला एकदा तरी कुणाला दाखवायचा होता.

घर आवरून गावी निघण्याआधी काकू आमच्याकडे जेवायला आल्या. माझ्या मानेवर गळू झालं होतं, मान वळत नव्हती. त्या माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. जराशा थांबल्या. मग बोटाने दाबलं. मी ओरडलोच.

"दुखतंय?"

"खूप, काकू."

"मग बरं आहे," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसत कणीक भिजवायला आमच्या स्वयंपाकघरात गेल्या.