सिस्टरचा पाट

अकोल्यात मोर्णा नदीच्या अलीकडे एक गल्ली आहे. सकाळी सात वाजता तिथं गेलात तर निळ्या दाराच्या ओट्यावर कुणीतरी स्टुलावर बसलेलं दिसेल, आणि त्याच्यापुढे खाली पाटावर, त्याचा पाय मांडीवर घेऊन बसलेल्या रिबकाबाई तायडे. वय एकोणसत्तर. केस पांढरेशुभ्र, हात मात्र अजून नर्सचेच. धरलेला पाय सुटायचा नाही. गल्ली त्यांना सिस्टर म्हणते. एकोणचाळीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात नोकरी केली, रिटायर झाल्यावर आठ दिवस आराम केला आणि नवव्या दिवशी ओट्यावर पाट टाकला. शुगरवाल्यांचे पाय बघायचे, धुवायचे, पट्टी बांधायची. जखम आपल्या हातची नसेल तर माणसाला रिक्षात घालून डॉक्टरकडे न्यायचं. फुकट. रविवारी चर्चला जायचं असतं म्हणून ओटा सहालाच सुरू.

पाण्याचा अंदाज त्या स्वतःच्या कोपरानं घेतात. "तुमच्या पायावर भरोसा नाई," त्या पेशंटला सांगतात, "थो खोटं बोलते. जळला तरी सांगत नाई."

हे त्या शिकल्या कुष्ठरोग्यांच्या वॉर्डात. एकोणीस वर्षांची पोर, पहिलाच दिवस, तोंड भिंतीकडे करून एका म्हातारीचे पाय धूत होती. भागीरथा नावाची ती म्हातारी शांतपणे म्हणाली, "पोरी, पाय माहे हायेत, भिताडाचे नाई. इकडे पाह्यून धू." रिबकेनं मान वळवली ती वळवलीच. येशूनं जेवणावरून उठून शिष्यांचे पाय धुतले, ही गोष्ट तिनं लहानपणापासून ऐकलेली. पण धुणाऱ्याला खालून वर बघावं लागतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

गल्लीच्या कोपऱ्यावर चपला शिवणारा शफीक हा सिस्टरचा जुना पेशंट. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी पट्टी बांधून घेता घेता त्यानं आवाज खाली आणला.

"सिस्टर, एक बात सांगू का? महाराजची चप्पल आली माह्याकडे, अंगठा तुटला म्हनून. आतून टाचेपाशी ओली होती. वास मारत होती."

"कोनते महाराज?"

"अजी कोनते म्हंजे? तुमच्या समोरचे. कमलाकांत महाराज."

रिबकाबाईंचे हात थांबले. वास कसला, हे विचारायची त्यांना गरज नव्हती.

कमलाकांत महाराज म्हणजे समोरच्या घरातले पुरोहित. त्रेसष्ट वर्षांचे, अर्ध्या शहराची लग्नं लावलेले. त्यांना शुगर आहे आणि प्रसादाला नाही म्हणवत नाही, हे अख्ख्या गल्लीला माहीत.

इथं सिस्टर चुकल्या. सरळ महाराजांना गाठायचं सोडून त्यांनी नळावर, चार बायांत, महाराजांच्या बायकोला, शैलावहिनींना विचारलं, "महाराजचा पाय कसा आहे आता?" वहिनींना काहीच ठाऊक नव्हतं. त्या घरी जाऊन विचारायला लागल्या आणि महाराज भडकले. बायांत माझ्या पायाची चर्चा? दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सिस्टरच्या ओट्यावरून जाणंच सोडलं. मागच्या बोळातून, मशिदीला वळसा घालून रस्त्याला लागायचे. ओट्यावरून रिबकाबाईंना पांढरं धोतर वळणावर नाहीसं होताना दिसे. डावी टाच टेकत नव्हती.

तीनशे पावलं जास्त, त्याच टाचेवर, आणि तीही माझ्यामुळे. हे त्यांच्या डोक्यातून जाईना. टाच सडायला किती दिवस लागतात, याचा हिशेब त्यांना तोंडपाठ होता. चार दिवस त्या सकाळच्या प्रार्थनेत एकच म्हणत राहिल्या: प्रभू, तोंड माहं चुकलं, पाय त्याचा नको जाऊ देऊ.

पाचव्या दिवशी त्यांनी पाट काखेत मारला, घमेल्यात पट्टीचं सामान घेतलं आणि ओट्यावरून उतरल्या.

"सिस्टर, माहा नंबर?" स्टुलावरून शफीक म्हणाला.

"बस थोडा. तुह्या पायाले आज घाई नाई."

महाराज ओसरीत खुर्चीवर पंचांग उघडून बसले होते. डाव्या पायाला फडकं गुंडाळलेलं.

"सिस्टर, इकडे काहून?"

"पाय पाहाले आली. नळावर बोलली थे चुकलं माहं. माफी बी मागाले आली."

"पायाले काई नाई. भेग होती, बिब्बा लावला. दुखत बी नाई."

"बिब्बा तापवला होता?"

"चांगला तापवला."

"अन् चटका बसला?"

महाराजांनी पाय खुर्चीखाली ओढला. तापल्या बिब्ब्याचा चटका म्हणजे माणूस अंगणभर नाचतो, हे वऱ्हाडात पोराटोरांनाही ठाऊक. त्यांना मुंगी चावल्याइतकंही कळलं नव्हतं.

"दाखवा ना हो," दारातून शैलावहिनी म्हणाल्या. "सिस्टरची कशाची लाज?"

"लाज नाई व." महाराजांनी पंचांगाचं पान उगाच उलटलं. "सिस्टर, तुमी माह्यापेक्षा मोठ्या. तुमी माह्या पायाले हात लावाचा अन् मी लावू द्याचा? मले पाप लागन. जाईन मी डॉक्टरकडे. एवढ्या लग्नतिथी आटोपल्या का जातो."

"तवरोक डॉक्टरले दाखवाले पाय तं राह्याले पाह्यजे."

रिबकाबाईंनी खुर्चीपुढे पाट टाकला आणि बसल्या. पायाला मात्र हात लावला नाही. कुणाचा पाय ओढून घ्यायचा नाही, त्यानं दिला तरच घ्यायचा, हा त्यांचा नेम.

"महाराज, एक सांगा. लग्नात नवरदेवाचे पाय कोन धुते?"

"पोरीचा बाप."

"थो वयानं मोठा का लहान?"

"मोठाच असन ना."

"त्याले पाय धुवाले बसवते कोन?"

"मी."

"मंग आजवर किती म्हातारे बसवले तुमी पोरासोरायच्या पायापाशी? तवा कोनाले पाप लागलं?"

समोरच्या ओट्यावर शफीकला जोराचा खोकला आला.

"थे अलग आहे, सिस्टर," महाराज म्हणाले. "त्या घडीले थो नुसता पोरगा नसते. त्याले विष्णू मानून पाय धुतात."

"हाव ना. मी बी तसंच मानते. ज्याचा पाय माह्या मांडीवर, थो त्या घडीले माहा प्रभू. त्या शफीकचा पाय बी प्रभूचाच. अन् प्रभू सोता पाय धुवाले बसला तवा एक शिष्य तुमच्यासारखाच अडला होता. नका हात लावू म्हने. त्याचं बी काई चाललं नाई."

महाराजांनी पंचांग मिटलं.

"शैला," ते म्हणाले, "झारी आन."

लग्नात बाप पाय धुतो आणि आई झारीनं पाणी घालते. वहिनींना ते सांगावं लागलं नाही. झारी आणली, तिच्यातलं कोमट पाणी रिबकाबाईंनी कोपरावर घेऊन पाहिलं, आणि महाराजांनी आपण होऊन डावा पाय पुढे केला.

फडकं सुटलं. टाच काळी पडलेली, मधोमध सुपारी बसेल एवढा खड्डा. वास ओसरीभर झाला. वहिनींनी नाकाला पदर लावला. मग पाटावरच्या बाईकडे पाहिलं, पदर सोडला आणि धार धरली. रिबकाबाई महाराजांच्या तोंडाकडे बघत धूत होत्या. महाराजांचे ओठ हलत होते. रिबकाबाईंचेही हलत होते.

तासाभरात त्या महाराजांना घेऊन डॉक्टरकडे होत्या. डॉक्टरनं टाचेचं बरंच मांस काढलं, पाय मात्र राखला. आणखी आठ दिवस गेले असते तर गुडघ्याखाली काही उरलं नसतं, असं त्यानं वहिनींना बाजूला घेऊन सांगितलं. पुढे तीन महिने महाराज दिवसाआड समोरच्या स्टुलावर बसले. शफीकच्या आधी आलेत की नंतर, यावरून दोघांची दर खेपेला कटकट व्हायची. शफीकनं त्यांना मऊ तळाची चप्पल करून दिली, तीही टाकून बोलतच: "आता हिच्यात बिब्बा नका घालू महाराज."

यंदा महाराज पुन्हा लग्नं लावतात, जरा लंगडत. पाय धुवायची वेळ आली की मंत्र थांबवून पोरीच्या बापाला सांगतात, "पानी आंधी कोपरानं पाहा." लोकांना वाटतं, शास्त्रातच असेल. बाप मुकाट्यानं कोपर पुढे करतो.