कॉइलओव्हर की हवेचे फुगे

गाडी जुनी घेतली होती, पण पळायची जोरात. मी चाकणला कंपनीत, राहायला वाकडला. रोजच्या खड्ड्यांनी तिचे शॉकॲब्सॉर्बर गेले. बदलायचेच तर चांगले बसवू, असं ठरवलं आणि तिथंच घोळ सुरू झाला.

आकुर्डीच्या गॅरेजवाल्या भाईंनी दोन पर्याय सांगितले. एक कॉइलओव्हर. त्यात शॉकॲब्सॉर्बरभोवतीच स्प्रिंग असते, गाडीची उंची पान्यानं कमी-जास्त करायची. गाडी वळणावर रस्ता धरते, पण खड्डा जाणवतो. दुसरं एअर सस्पेन्शन. स्प्रिंगच्या जागी रबरी फुगे, डिकीत पंप, बटण दाबलं की गाडी वर-खाली.

"तुम्ही काय बसवाल?"

"माझ्या गाडीला कॉइलओव्हर. तुमच्या..." भाई थांबले. "गाडीत कोण कोण बसतं, मॅडम?"

बाबा बसतात. त्यांची कंबर दुखते, फिजिओथेरपीला मीच नेते. मग त्यांनाच दोन्हींत बसवून बघायचं ठरवलं.

ऑफिसातल्या मित्राच्या गाडीला कॉइलओव्हर होते. पुनावळ्यापर्यंत गेलो. प्रत्येक खड्ड्याला मी घाबरून मागं बघत होते, तर बाबा चक्क घोरत होते. दुसऱ्या दिवशी भाईंच्या गिऱ्हाइकाची फुग्यांची गाडी. गादीवर बसल्यासारखी मऊ. थोडं पुढं गेलो नाही तोच बाबा म्हणाले, "थांबवा राव, मळमळतंय."

गाडी थांबली. मालकानं बटण दाबलं, गाडी उचलली गेली आणि बाबा कुणाचाही हात न धरता उतरले.

"हीच घे," ते म्हणाले.

"अहो बाबा, आत्ता मळमळत होतं ना?"

"ते बसल्यावर. मी उतरायचं म्हणतोय."

त्यात मित्राची गाडी परतीला मी चालवली होती, वळणावर तिनं रस्ता असा काही धरला की स्टिअरिंग सोडवेना. म्हणजे मी बाबांसाठी बघत होते की माझ्यासाठी? काही सुधरेना.

शेवटी भाईंचा फोन आला, "माल मागवतोय, काय सांगू?"

"कॉइलओव्हर," मी म्हणाले. का, ते फोन ठेवल्यावरही समजलं नाही.

भाईंनी नंतर थोडं मऊ करून दिलं. वळणावर मजा येते, खड्ड्यात मी दात आवळते. बाबा दार धरून, आधी पाय बाहेर काढून, सावकाश उतरतात. तक्रार करत नाहीत. केली असती तर निदान माझं चुकलं की नाही ते कळलं असतं.