पंकजाक्षी आणि बंद न होणारा लॅपटॉप

कोट्टक्कुन्न गावच्या वाचनालयाचे दोन ठराव असे होते, की ते मोडायची कोणाची छाती नव्हती. पहिला, वाचनालयाच्या यंत्रावर विंडोज बसवायचे नाही. सगळ्यांच्या मालकीचे लिनक्सच चालेल. दुसरा, लॅपटॉप कधी बंद करायचा नाही, लॉग आउटही करायचा नाही. रात्री नुसते झाकण मिटायचे. दुसऱ्याला कारण होते. मागचे चिटणीस पासवर्ड कोणाला न सांगता दुबईला गेले आणि सतरा दिवस गावाला यंत्र उघडता आले नाही. नवा पासवर्ड आता इतिवृत्ताच्या वहीत, सभासदांच्या सह्यांच्या वर, ठळक अक्षरांत लिहिलेला होता.

या वाचनालयाची ग्रंथपाल पंकजाक्षी. वय एकोणसाठ. पय्यन्नूरच्या एका छापखान्यात तिने बावीस वर्षे मल्याळम अक्षरजुळणी केली. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रके, देवळाच्या उत्सवाची निमंत्रणे, सगळे तिच्या बोटांखालून गेले. छापखाना बंद पडला तेव्हा मालकाने निरोपादाखल तिला तिचाच जुना संगणक, त्याच्या विंडोजची आणि अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅमची सीडी, आणि त्या प्रोग्रॅमचा डोंगल देऊन टाकला. अंगठ्याएवढा हा डोंगल यंत्राला लावल्याशिवाय प्रोग्रॅम उघडत नसे. संगणक पुढे गंजून गेला. सीडी आणि डोंगल तिने बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवले.

त्या डब्यात आणखी एक सीडी होती. तिच्यात कुंजंबूंच्या आठवणी होत्या.

कुंजंबू विडीच्या कारखान्यातले वाचक. चाळीस जण विड्या वळत बसायचे आणि ते मोठ्याने वर्तमानपत्र वाचायचे; त्यांच्या वाट्याच्या विड्या बाकीचे वळून द्यायचे. पंकजाक्षीचे वडील त्या चाळिसांतले एक. वीस वर्षांपूर्वी आठ महिने दर रविवारी कुंजंबूंनी आठवणी सांगितल्या आणि तिने टाइप केल्या. एकशे चाळीस पाने झाली. छापील प्रत एकच होती. ती कुंजंबूंनी कोणाला तरी वाचायला दिली आणि ती परत आली नाही.

सोमवारी कुंजंबू काठी टेकत वाचनालयात आले. वय शहाऐंशी, डोळे पार गेलेले.

"पंकजाक्षी, रविवारी रोहिणी येतेय. मला मंगळूरला घेऊन जाणार. कायमचं."

"मुलीकडेच जाताय ना, एट्टा? तोंड का पाडलंय मग?" पंकजाक्षी म्हणाली. थोरल्या भावाला म्हणावे तसे ती त्यांना एट्टा म्हणायची.

"आयुष्यभर दुसऱ्यांचं वाचलं. माझं मला एकदा ऐकायचंय. जायच्या आधी."

"वाचते की. त्यात काय!"

त्यात बरेच काही होते. तिने सीडी लिनक्सवर उघडून पाहिली. पडद्यावर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांच्या रांगाच रांगा आल्या, मल्याळमचे एक अक्षर नाही. फाईल त्या जुन्या प्रोग्रॅमशिवाय वाचता येणार नव्हती, आणि प्रोग्रॅम जुन्या विंडोजशिवाय चालणार नव्हता.

उपाय तिला ठाऊक होता. लिनक्सवर व्हर्च्युअल मशीनचे सॉफ्टवेअर बसवायचे. म्हणजे यंत्राच्या आत एक खोटे यंत्र उभे राहते, आणि त्या खोट्या यंत्रावर विंडोज घालता येते. खऱ्या यंत्राला धक्का लागत नाही. वाचनालयाचे अध्यक्ष गंगाधरन माश, निवृत्त शिक्षक, यांना तिने हे सांगितले.

"म्हणजे मागच्या दाराने विंडोज आणतेस," माश म्हणाले.

"माश, ते यंत्रावर नाही, यंत्रातल्या डब्यात आहे. काम झालं की डबा पुसून टाकीन."

"भाडेकरू आधी असंच म्हणतो. आठ दिवस राहतो म्हणतो आणि पुढे घर सोडत नाही."

"मग भाडेपट्टा करा. रविवारपर्यंतचा."

माश हसले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. "शनिवारच्या सभेत विषय ठेवतो. तोवर तुझी जबाबदारी."

मंगळवारी तिने सॉफ्टवेअर उतरवले. बसवताना त्याने तक्रार केली की लिनक्सच्या गाभ्याला जोडणारा एक भाग तयार करायला आणखी एक पॅकेज हवे. तेही उतरवले. बुधवारी सहकारी बँकेतून बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह मागून आणला आणि खोट्या यंत्रात जुने विंडोज बसवले. जुन्या विंडोजची ती ओळखीची हिरवी टेकडी पडद्यावर आली तेव्हा वर्तमानपत्र वाचणारे दोघे-तिघे मागे येऊन उभे राहिले.

"एच्ची, हे तर मोबाइलच्या आधीचं!" एकजण म्हणाला. तिला सगळे एच्ची, म्हणजे ताई, म्हणत.

"मीही मोबाइलच्या आधीचीच आहे. बसा जागेवर."

प्रोग्रॅम बसला. डोंगल लावला. प्रोग्रॅम म्हणाला, डोंगल सापडत नाही.

माहिती शोधल्यावर कळले, की बाहेरून लावलेली वस्तू खोट्या यंत्राला दिसायची तर वापरणाऱ्याचे नाव एका खास गटाच्या यादीत असावे लागते. तिने पासवर्ड घालून यादीत नाव घातले. यादी उघडून पाहिली, नाव होते. डोंगल तरी दिसेना. तिने नाव काढून पुन्हा घातले. डोंगल दुसऱ्या खाचेत लावून पाहिला. गुरुवार गेला. शुक्रवारी तिने सगळे सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवले. दोन्ही रात्री ठरावाप्रमाणे झाकण मिटले, दोन्ही सकाळी उघडले. यंत्र होते तिथेच होते.

शुक्रवारी संध्याकाळी कुंजंबू आले.

"काही झालं?"

"नाव घातलंय, एट्टा, पण यंत्र मला ओळखत नाही."

"बावीस वर्षं त्या प्रोग्रॅमला खिळून होतीस, तो तुला ओळखत नाही? भारीच माजलाय."

शनिवारी सभा भरली. विषय विंडोजचा. नव्यानेच सभासद झालेला एक गृहस्थ मत द्यायला हात वर करून उभा राहिला.

"तुम्हाला मत नाही," गंगाधरन माश म्हणाले.

"का? वहीत नाव आहे माझं! परवाच घातलंत."

"नाव आहे. पण ही सभा बोलावली तेव्हा नव्हतं. ही सभा जुन्या यादीवर चालते. पुढच्या सभेपासून तुमचं मत."

पंकजाक्षीने सभेचे इतिवृत्त लिहायचे थांबवले. लॅपटॉपची सभा, म्हणजे शेवटचे लॉग इन, केव्हाची? वहीत नव्या पासवर्डची तारीख पाहिली, तर पाच महिन्यांपूर्वीची. तेव्हापासून कोणी लॉग आउट केलेच नव्हते. यंत्र पाच महिन्यांपूर्वीच्या यादीवर चालले होते, आणि त्या यादीत तिचे नाव नव्हते.

ती उठली, वही माशपुढे सरकवली आणि लॅपटॉपपाशी गेली.

"काय करतेस?" माशनी विचारले.

"लॉग आउट."

"पंकजाक्षी! दुसरा ठराव!"

"पासवर्ड तुमच्या पुढ्यातल्या वहीत आहे, माश. वाचा मोठ्याने."

माशनी चष्मा लावला आणि एकेक अक्षर वाचून दाखवले. यंत्राने तिला आत घेतले. खोटे यंत्र सुरू झाले, डोंगल दिसला, फाईल उघडली. पडद्यावर मल्याळम अक्षरे उमटली, तिच्याच जुळणीची, समासासकट.

सभा तिथेच थांबली. कोणीतरी समोरच्या घरातून कुंजंबूंना हात धरून आणले. पंकजाक्षीने पहिले पान वाचायला घेतले.

"हळू," कुंजंबू म्हणाले. "इतक्या वेगाने वाचलंस तर विड्या वळणाऱ्यांचे हात धावतात आणि विडीची पानं फाटतात."

ती हळू वाचू लागली. चौथ्या पानावर माशनी घसा साफ केला. "मग विंडोजच्या विषयाचं काय—"

"वाचन चालू असताना बोलायचं नाही," कुंजंबू म्हणाले.

रात्री आठला ते थकले, तेव्हा चोपन्न पाने झाली होती. रविवारी सकाळी सातला पुन्हा बसले. दहाला रोहिणीची गाडी आली.

"अच्छा," रोहिणीने वडिलांना हाक मारली, "निघायचं ना? ऊन होईल."

"बस," कुंजंबू म्हणाले. "अजून आहे."

रोहिणी बाकावर बसली. ड्रायव्हरही आत येऊन बसला. एकला शेवटचे पान संपले. कुंजंबू पंकजाक्षीकडे वळले.

"एकशे बाराव्या पानावर तुझ्या वडिलांबद्दल लिहिलंयस, की संपात ते सगळ्यांत पुढे होते. मी तसं सांगितलं नव्हतं."

"नव्हतं?"

"ते मागे होते. आजारी माणसांच्या वाट्याच्या विड्या वळत बसले होते. ते लिही."

पंकजाक्षी एकशे बाराव्या पानावर परत गेली. वाक्य खोडले, त्यांनी सांगितले तसे टाइप केले आणि मोठ्याने वाचून दाखवले. कुंजंबूंनी मान हलवली. तिने फाईल जतन केली, आणि रोहिणीने वडिलांची काठी त्यांच्या हातात दिली.