ओवी तिरुपतीला गेली नव्हती

"हा ल्युकेमिया आहे," असं डॉक्टर म्हणाल्या तेव्हा ओवी माझ्या शेजारच्या खुर्चीत पाय हलवत बसली होती. तिला बाहेर पाठवायचं मला सुचलंच नाही. पूर्ण नाव अक्यूट लिंफोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे लहान मुलांना होणारा एक रक्ताचा कॅन्सर. हाडांच्या आत जो मऊ गर असतो त्याला बोन मॅरो म्हणतात. रक्त तिथे तयार होतं. ओवीच्या मॅरोत अर्धवट वाढलेल्या पांढऱ्या पेशींनी इतकी गर्दी केली होती, की बाकीच्या पेशींना जागाच उरली नव्हती. डॉक्टरांनी हे सगळं सावकाश, इंग्रजीतून समजावलं. ओवीनं विचारलं, "मग त्यांना बाहेर काढणार का?" डॉक्टर म्हणाल्या, "तेच करायचंय." ओवी तेव्हा साडेआठ वर्षांची होती.

त्याआधी काय काय झालं ते सांगते, कारण आमच्यासारखंच तुम्हीही ते साधं समजाल. पाय दुखायचे. वाढतं वय आहे, म्हणून आम्ही तेल चोळलं. पोटऱ्यांवर निळे डाग दिसले, तर सायकलवरून पडली असेल असं वाटलं. मग ताप आला, गेला, परत आला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. स्वतःला दोष देत बसू नका. मी पुष्कळ दिला, त्यानं काडीचाही फरक पडला नाही.

आम्ही मूळचे साताऱ्याचे. माझा नवरा मंदार इथे बेंगळुरूत एका सरकारी कंपनीत इंजिनियर आहे आणि आम्ही जे. पी. नगरमध्ये राहतो. बिल्डिंगमध्ये मी कुणालाही काही सांगितलं नाही. मला कीव सहन होत नाही. साताऱ्याच्या नातेवाइकांचे फोन आले, की पलीकडून आधी हुंदका यायचा, मग प्रश्न. शेवटी मी फोन मंदारकडे सोपवून टाकले. तो शांत माणूस आहे, सगळ्यांना एकच वाक्य ऐकवायचा: उपचार चालू आहेत.

किमोथेरपी म्हणजे कॅन्सरच्या पेशी मारणारी औषधं. ती चांगल्या पेशींनाही सोडत नाहीत, म्हणून तोंड येतं, उलट्या होतात, केस जातात. ओवीचे केस उशीवर पुंजक्यांनी दिसायला लागले तेव्हा तीच म्हणाली, "आई, हे असं कुत्र्यासारखं गळण्यापेक्षा सगळं काढून टाकू." मंदारनं घरीच मशीन फिरवलं. तिनं आरशात पाहिलं, डोक्यावरून हात फिरवला आणि "गुळगुळीत!" असं जाहीर केलं.

त्यानंतरच्या आठवड्यात लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या सरोजम्मा भेटल्या. साठी उलटलेल्या, पाठीवर जाड वेणी, वेणीत कायम मोगरा. ओवीच्या तोंडावर मास्क होता, पण धुळीमुळे या शहरात निम्मी मुलं मास्क लावतात. बेंगळुरूत मुलाचं डोकं तुळतुळीत दिसलं, की लोकांच्या मनात पहिल्यांदा एकच येतं. सरोजम्मांनी कौतुकानं विचारलं, "तिरुपतीगे होगिद्रा?" तिरुपतीला गेला होता का?

मी काही बोलायच्या आत ओवी म्हणाली, "हूं, अज्जी." अज्जी म्हणजे आजी. मग शाळेत शिकलेल्या कानडीत तिनं रांग किती लांब होती, पुढचं बाळ कसं रडत होतं आणि न्हाव्याचा हात किती गार होता, हेही सांगून टाकलं. सरोजम्मांनी साहजिकच प्रसादाच्या लाडूचं विचारलं. "संध्याकाळी आणते," ओवी म्हणाली.

घरात शिरल्यावर मी तिच्यावर भडकले. ती शांतपणे चप्पल काढत म्हणाली, "खरं सांगितलं असतं तर अज्जी रडली असती. मग तिची समजूत मी घालायची. मला आज कंटाळा आलाय." मी लाडवांसाठी बुंदी पाडायला घेतली. काजू, खडीसाखर, चिमूटभर खायचा कापूर. सरोजम्मांनी तो लाडू दोन्ही डोळ्यांना लावला आणि मगच तोंडात टाकला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओवीला मात्र हसू आवरत नव्हतं.

वॉर्डातही तिची हीच तऱ्हा. लंबर पंक्चर, म्हणजे पाठीच्या मणक्यात सुई घालून पाणी काढणं, औषध सोडणं. ते करायचं असेल त्या दिवशी इतर मुलांना ती आधीच सांगून ठेवायची, "दुखतं. खूप नाही, मध्यम. ओरडलं तर चालतं." आम्ही मोठी माणसं मात्र 'मुंगी चावेल एवढंच' असं धडधडीत खोटं बोलत होतो. तिचं म्हणणं मुलांना पटायचं, आमचं नाही. नर्सेस नवीन मुलाला आधी ओवीच्या खाटेपाशी आणू लागल्या. मी तिची आई, तिला बोलायला मी शिकवलं, पण हे असं बोलणं मी तिच्याकडून शिकले.

मग रेमिशन आलं. म्हणजे तपासणीत कॅन्सरच्या पेशी दिसेनाशा होणं. केस परत उगवले, आधीपेक्षा कुरळे. शाळा सुरू झाली. सरोजम्मा म्हणायच्या, देवानं ऐकलं. मी मान डोलवायचे.

आणि मग रिलॅप्स, म्हणजे गेलेला आजार परत येणं. पुन्हा किमो, पुन्हा मशीन. आता परत तिरुपती सांगायचं का, असं मी ओवीला विचारलं. ती म्हणाली, "नको. वर्षात दोनदा कोण जातं?" ती एकटीच चौथ्या मजल्यावर गेली आणि सरोजम्मांना सगळं सांगून आली. तिरुपतीला गेलोच नव्हतो, लाडू आईनं केले होते, मला ब्लड कॅन्सर आहे आणि तो परत आलाय. "रडली का गं?" मी विचारलं. "स्वल्प," ती म्हणाली. म्हणजे थोडंसं. "पण मला इडली दिली."

या वेळी औषधं चालली नाहीत. डॉक्टर म्हणाल्या, "अजून औषधं आहेत. पण त्या औषधांनी ओवी बरी होईल असं मी सांगू शकत नाही. त्रास मात्र नक्की होईल." आम्ही तिला घरी आणायचं ठरवलं. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे आजार हटवण्यासाठी नाही, तर दुखणं, धाप, ताप आवरण्यासाठी केलेले उपचार. ओवीनं डॉक्टरांना सरळ विचारलं, "मी बरी होणार नाही का?" डॉक्टरांनी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "नाही, बाळा. पण दुखू देणार नाही." ती म्हणाली, "घरी माझ्या खोलीत झोपायचंय, वॉर्डासारखं उजेडात नाही." मी त्या डॉक्टरांची जन्मभर ऋणी आहे. खोटं बोलणं त्यांना किती सोपं होतं.

घरी आल्यावर काही दिवसांनी बेल वाजली. मी नेहमीप्रमाणे दार अर्धंच उघडलं. समोर सरोजम्मा. कपाळाला ठसठशीत कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, आणि डोक्यावर एक केस नाही.

मी हबकले. नवस मी मानत नाही, पण सवाष्ण बाईचं मुंडण म्हटलं की मलाही ते अशुभच वाटतं, इतकं ते माझ्या हाडीमाशी आहे. त्यांच्या घरातली रीत तर मला ठाऊक होती. नवरा असलेल्या बाईनं तिरुपतीला केसांची टोकं तीनदा कातरून द्यायची, बस्स. सरोजम्मांनी ओवीसाठी कमरेपर्यंतची वेणी देऊन टाकली होती. त्यांचे यजमान, रिटायर्ड बँक मॅनेजर, दोन दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते. सुनेनं पदर घ्या म्हणून विनवलं, तोही त्यांनी घेतला नव्हता.

"खऱ्या लाडवांसाठी गेले होते," त्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या.

ओवी पलंगावरून उठून आली. तिनं त्यांना नीट न्याहाळलं, वाकायला लावलं आणि डोक्यावरून तळवा फिरवला. "गुळगुळीत," ती म्हणाली. मग तिला खाली जायचं होतं. चालवत नव्हतं, म्हणून मंदारनं उचलून घेतलं. सोबत सरोजम्मा. गेटपाशी फुलवाली बसते, तिनं दोघींची डोकी पाहून हसत तोच प्रश्न विचारला. ओवी मोठ्यानं म्हणाली, "अज्जी होगिद्रु. नानल्ल. ननगे कॅन्सर." अज्जी गेली होती. मी नाही. मला कॅन्सर आहे. बिल्डिंगमधली चार माणसं तिथे उभी होती, त्यांनीही ऐकलं. इतके महिने मी जो शब्द दाराबाहेर जाऊ दिला नव्हता, तो माझ्या मुलीनं भर उन्हात, मान ताठ ठेवून उच्चारला. फुलवालीनं दोघींना एकेक शेवंती दिली. ती खोवायची कुठे, यावरून तिघीही हसत सुटल्या. शेवटी ओवीनं आपली शेवंती मास्कच्या दोरीत, कानामागे अडकवली.

त्यानंतर ओवी फार दिवस राहिली नाही. ती गेली तेव्हा सकाळ होती, मंदारनं तिचे पाय धरले होते, मी डोकं. डॉक्टरांनी शब्द पाळला होता.

मग सरोजम्मा येईनाशा झाल्या. लोक दु:खाच्या घरी जायला कचरतात, तसं असेल, असं मला आधी वाटलं. शेवटी मीच चौथ्या मजल्यावर गेले. त्यांचे केस बोटभर वाढले होते, सगळे पांढरे. त्या माझ्याकडे बघेनात. "माझा नवस कमी पडला गं," एवढंच म्हणाल्या.

माझं कानडी तोकडं आहे, तरी त्या दिवशी हिंदी, कानडी, मराठी जे हाताशी आलं त्यात मी बोलले. म्हटलं, अम्मा, मी नवस मानत नाही, आजही नाही. पण एवढ्या मोठ्या शहरात माझी मुलगी एकटी राहिली नाही, ते तुमच्यामुळे. हे डॉक्टरांच्या हातात नव्हतं आणि मला, तिच्या आईला, सुचलंही नव्हतं. गेटपाशी ती ज्या आवाजात बोलली, तो आवाज तुम्ही शेजारी उभ्या होतात म्हणून निघाला.

त्या रडायला लागल्या, मोठ्यानं, लहान मुलासारख्या. कुणी रडलं की उठून जाणारी मी, तिथेच जमिनीवर बसले, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि बाहेर अंधार पडेपर्यंत त्यांची समजूत घालत राहिले.